नातेवाइकांनी बाहेर बसावे

गुरुवार, १४ मार्च

यांसी नमस्कार. नमस्काराआधी ‘सप्रेम’ जोडायची रीत आहे, पण हात वळत नाही. तुमची तब्येत ठीक असावी. मीही बरी आहे. झोप लागते, नोकरी आहे, खोली लहान असली तरी उजेडाची आहे.

परवा मंगळवारी तुम्ही मनोरुग्णालयात आला होतात. नोंदणीच्या खिडकीआड फायली मोजत बसलेली चष्म्याची, आखूड केसांची बाई मीच. तुम्ही माझ्याकडेच पाणी मागितलंत आणि मी दिलं. ओळखलं नाहीत. साडेतीन वर्षं वेगळं राहिल्यावर बायकोचा चेहरा विसरायला होतं, चालायचंच.

माझी नोकरी दुसरीकडे आहे; तिथे मी ऑडिटपुरती का जाते, ते सांगते. आमच्याकडे वर्षातून दोनदा ऑडिट होतं. पैशाचं नव्हे, उपचारांचं. इथल्याच फायली इथल्याच माणसांनी काढायच्या आणि जे करायचं ठरलंय ते खरंच होतं का, ते बघायचं. समितीत बऱ्या झालेल्या एका रुग्णाला घेतात. मागच्या वर्षी मला घेतलं. प्रश्नांची यादी तयार होती, मी एकच वाढवला: पहिल्या दिवशी नातेवाइकांना बाहेर बसवून रुग्णाशी कुणी बोललं का?

पन्नास फायली काढल्या. एकेचाळीस जणांशी कुणीही एकांतात बोललं नव्हतं.

मोठे डॉक्टर म्हणाले, “अहो बाई, माहिती नातेवाईकच देतात ना?”

म्हटलं, “देतात की. कुणाच्या सोयीची देतात, तेही बघा.”

ते हसले नाहीत. पण नियम झाला. तीन महिन्यांनी फेरतपासणीला पुन्हा पन्नास फायली काढल्या, तेव्हा अडतीस जणांशी बोलणं झालेलं होतं. सगळे म्हणतात, बाईंनी रुग्णांसाठी केवढं केलं. कसलं काय! मी ते तुमच्यासाठी केलं. तुम्ही कधीतरी दाराबाहेर बसावं म्हणून.

कारण माझी स्वतःची फाइल मी अर्ज करून वाचली आहे. ‘पत्नी मुळातच तापट. माहेरी असेच वातावरण. भांडी फोडते, रात्रभर जागते.’ सगळी वाक्यं तुमची. भांडी मी फोडली, ते खोटं नाही. मी आजारी होते, तेही खोटं नाही. पण आपली मुलगी नऊ दिवस जगली आणि ती जाऊन अकरा दिवसही झाले नव्हते, हे त्या चार पानांत कुठेच नाही. घरातली गोष्ट घरात राहावी म्हणून तुम्ही ती पुसलीत. मला तिच्यासाठी नीट रडूही दिलं नाहीत. तापट म्हणून गोळ्या घेत राहिले.

म्हणून परवा सिस्टर तुम्हाला “साहेब, जरा बाहेर बसा” म्हणाल्या, तेव्हा मी फायली मोजायचं थांबवलं.

“मी भाऊ आहे तिचा. तिला काही सांगता येत नाही, मी सांगतो.”

“येईल त्यांना. आम्हाला घाई नाही.”

दीड तास बसलात. तीनदा दार वाजवलंत. माझा चहा निवला, पण मी जागची हलले नाही. इतका गोड दीड तास मला चार वर्षांत मिळाला नव्हता.

एक गोष्ट लिहू की नको, असं झालंय. वन्संना घेऊन तुम्ही फाटकातून आलात, तेव्हा मला आधी आनंद झाला. तुम्ही मला गाडीत कोंबलंत त्या दिवशी त्या उंबऱ्यात उभ्या होत्या. बाळाचं त्यांना ठाऊक होतं. एक शब्द बोलल्या नाहीत. मनात आलं, बरं झालं, आता कळेल. मग त्या जवळ आल्या. ब्लाउजची बटणं चुकीची लावलेली होती आणि त्या तुमच्यापासून हातभर लांब चालत होत्या. माझा आनंद तिथेच मेला. त्याची लाज अजून गेलेली नाही.

डॉक्टरीणबाई बाहेर येऊन काय म्हणाल्या, ते आपण दोघांनीही ऐकलं. “त्या इथे राहणार आहेत, स्वतःच्या सहीने. भेटायला कोण आलेलं चालेल, ती नावंही त्यांनी दिली आहेत.”

“माझं आहे ना?”

“नाही.”

वन्सं आत काय बोलल्या, ते मला ठाऊक नाही आणि मी विचारणारही नाही. पण काल मला सिस्टरांचा फोन आला. वन्संच्या यादीत दोन नावं आहेत. एक त्यांच्या मैत्रिणीचं. दुसरं माझं.

शनिवारी जाते आहे. त्या दिवशी त्या गप्प राहिल्या हे मी विसरलेले नाही, असं त्यांना तोंडावर सांगणार आहे. मग त्या बोलतील तेवढं ऐकणार आहे. तुमच्याकडून मात्र मला काही ऐकायचं नाही. उत्तर पाठवू नका.

नऊ दिवसांच्या मुलीची आई