पडद्यावरचा हवालदार

सिडनी, ऑगस्ट २००३

प्रिय अब्बा, पूर्णगडच्या आपल्या घरात सगळ्यांना माझा सलाम.

मी मजेत आहे. थंडी आहे, पण स्वेटर पुरतो. अम्मीचा गुडघा कसा आहे? खरं सांगा.

मी काम करते त्या वृद्धाश्रमातले वॉल्टर आजोबा तरुणपणी सिनेमात छोटी कामं करायचे. कधी हवालदार, कधी खलाशी. नायक कधीच नाही. बायको गेल्यापासून ते बोलत नव्हते, नीट जेवतही नव्हते. काल दुपारी टीव्हीवर त्यांचा जुना सिनेमा लागला. पडद्यावर हवालदार आला आणि आजोबा ओरडले, "समरीन, तो बघ मी!"

माझं नाव त्यांना ठाऊक आहे, हे मला तेव्हाच कळलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तर रडलेच.

थोड्या वेळाने हवालदाराला गोळी लागली. आजोबा हसून म्हणाले, "माझं काम संपलं. आता जेवायला वाढ."

तुमच्या दुआंवर जगणारी,
समरीन