सव्वीस नंबरची सुई

४ फेब्रुवारी

फ्रेमवाल्याने आज माझी झोप उडवली!

अणूंचा तो सोनेरी फोटो त्याच्याकडे दिला होता. अठरा तारखेला भाची प्रबंध घेऊन परीक्षकांसमोर उभी राहणार, त्या दिवशी भेट म्हणून. फ्रेमवाला चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "साहेब, हा हललाय. प्रत्येक ठिपका दोनदा आलाय. दुसरी कॉपी नाही का?" मी हसलो. म्हटलं, अहो, ते अणू आहेत, थंडीत गारठले की जोडीजोडीने बसतात. हे शोधायलाच तर आमच्या पोरीने पाच वर्षं घासली. तो म्हणाला, "मग सगळ्या जोड्या एकाच अंगाला कशा कललेल्या?"

फ्रेमवाल्याला काय कळतंय, असं म्हणत घरी आलो. 

५ फेब्रुवारी

लोकांना वाटतं आम्ही प्रयोगशाळेतले अणूचा फोटो काढतो. कसला फोटो! सुई नमुन्याला न टेकता वरून फिरते, आंधळ्याने चेहरा चाचपावा तशी. उंचसखल जे कळेल ते कॉम्प्युटर रेखाटतो. रंग मी भरतो. सोनेरी मीच निवडला, भाचीला आवडतो म्हणून.

पण सुईचं टोक एका अणूचं हवं. दोन अणू पुढे आले की सगळं दोनदा चाचपलं जातं — एकट्या अणूचीही जोडी दिसते, आणि सगळ्या जोड्या एकाच अंगाला! नव्या पोरांना हे मीच शिकवतो. सुयाही मीच करतो, तार कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात झिजवून. म्हणजे खोट असली तर माझ्या हातची.

६ फेब्रुवारी

डोकं दुखतंय असं सांगून यंत्राकडे फिरकलो नाही. भित्रा आहे मी.

७ फेब्रुवारी

गेल्या वर्षी भाचीला तो फोटो मिळाला तेव्हा सव्वीस नंबरची सुई मी यंत्रातून काढून आठवण म्हणून डबीत ठेवली होती. आज ती पुन्हा बसवली. खाली सोन्याचा पत्रा. सोन्याचे अणू एकेकटे असतात, कवायतीला उभे राहिल्यासारखे, यात कुणाचं दुमत नाही.

पडद्यावर जोड्या आल्या. तीनदा घेतलं. तीनदा जोड्या.

पाच वर्षं! पोरगी सणवार, आजारपण, कुणाचं लग्न — काही न बघता राबली. आणि मी तिला दोन टोकांची सुई दिली. इथे सगळे मला मामाच म्हणतात, तिचं ऐकून ऐकून. बरोबरच आहे. सुईनेही मला मामा बनवलं.

९ फेब्रुवारी

भाचीच्या मार्गदर्शक सरांना सांगितलं. त्यांनी पेन मिटून ठेवलं. "नमुना शिल्लक आहे, दुसऱ्या सुईने बघायला?" नाही, केव्हाच संपला. "त्या धातूचा नवा थर करायला?" वर्ष. तिची शिष्यवृत्ती पुढच्या महिन्यात संपते, हे दोघांनाही माहीत.

मग म्हणाले, "मामा, तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

 

११ फेब्रुवारी

भाचीला सांगितलं. कॅन्टीनमध्ये, चहा समोर. आधी वाटलं होतं गप्प बसावं, अठरा होऊन जाऊ दे. पण ती आनंदाने म्हणाली, "मामा, परीक्षकांनी सुईबद्दल विचारलं तर तुलाच उभं करीन!" आणि मला राहवेना.

ती रडली नाही. सोन्याचे तिन्ही फोटो एकावर एक ठेवून पाहिले. म्हणाली, "म्हणजे आपण सुईचाच फोटो काढला." मग माझाच हात थोपटला. रडली असती तर बरं झालं असतं.

१२ फेब्रुवारी

ताईचा, पोरीच्या आईचा फोन. सख्खी मोठी बहीण, पण आवाज परक्यासारखा. "तू तिचा मामा की वैरी? डोळे मिटून घेतले असतेस आठ दिवस, तर तुझं काय जात होतं?"

काही जात नव्हतं, ताई. खरंच काही नाही.

१४ फेब्रुवारी

तिने प्रबंध मागे घेतला. छापायला चाललेला लेखही. सर म्हणाले म्हणे, विचार कर. ती म्हणाली, "सर, कळल्यावर कशी उभी राहू?" असली हट्टी पोर! हा हट्टही बहुधा माझ्याकडूनच उचलला.

१८ फेब्रुवारी

परीक्षेची खोली रिकामी होती. कुणीतरी आधीच खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. मी उचलून परत लावल्या.

फ्रेमवाल्याचा निरोप आला, फ्रेम तयार आहे. आणली नाही.

२१ फेब्रुवारी

भाचीने नोकरी धरली. चष्म्याच्या काचा तपासायच्या. तिचं टेबल आज आवरलं. वह्या रद्दीत घालायला निघाली होती, मी हिसकावून घेतल्या. "ठेव तुला हव्या तर," म्हणाली. जाताना यंत्राकडे एकदाही वळून पाहिलं नाही.

हे यंत्र मी सव्वीस वर्षं चालवतोय. आज पहिल्यांदा वाटलं, बंद करावं आणि किल्ली गटारात टाकावी.

२३ फेब्रुवारी

काही नाही. सुया केल्या. तीन मोडल्या.

२६ फेब्रुवारी

सरांनी एक लेख टेबलावर ठेवला. दुसऱ्या प्रयोगशाळेचा, कालच छापलेला. तोच धातू, तोच थर, चार वेगवेगळ्या सुया. चारही फोटोंत जोड्या. अंतर आमच्याइतकंच. सगळ्या एकाच अंगाला.

अणू खरंच तसे बसतात. माझी सुई तेव्हा चोख होती. नंतर वर्षभर डबीत हवा खात पडली, तिथे गंजून तिचं टोक दुभंगलं. मी बिघडलेली सुई तपासली आणि पोरीला खोटं पाडलं.

लेखावर पाच नावं आहेत. तिचं नाही.

"तिला कळवलंत का?" मी विचारलं.

सर म्हणाले, "तुम्हीच सांगा, मामा."