पोटाच्या चूर्णातली पानं

अण्णा, तुमच्या पोटाच्या चूर्णात काय असायचं ते मला गेल्या आठवड्यात कळलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि हे कळायला मला दुबईत अल क्वोजमधल्या एका गोदामात बसून एका परक्या माणसाचं भाषण ऐकावं लागलं. रागवावं की हसावं तेच समजत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. तुमच्यासमोर उभं राहून भांडायची माझी कधी छाती झाली नाही. आता निदान तुम्ही मध्येच "आधी ऐकून घे" म्हणणार नाही, तेवढीच सोय.

तुम्ही होतात तेव्हा मी बिस्किटांच्या कंपनीत होते. आता मी फ्रीझ ड्रायिंगची मशीन विकते. आमचे शेठ मूळचे रत्नागिरीचे, त्यांनी आंबा आणि फणसापासून सुरुवात केली. माल आधी कडकडीत गोठवायचा, मग बंद पेटीतली हवा ओढून घ्यायची, की आतला बर्फ पाणी न होताच वाफ होऊन निघून जातो. आंब्याची फोड होती त्याच आकाराची राहते, रंग जात नाही, वासही जात नाही, फक्त हातात घेतली की कागदासारखी हलकी लागते. हे तुम्हाला समजावताना काय ऐकावं लागलं असतं ते मला पाठ आहे. "बर्फात वाळवता? मग उद्या उन्हात गोठवाल." कराडच्या आपल्या आयुर्वेदिक दवाखान्यात बसून तुम्ही प्रत्येक नव्या गोष्टीची अशीच विकेट काढायचात आणि पेशंटसुद्धा दुखणं विसरून हसायचे.

ज्या परदेशी कंपनीकडून आम्ही मशीन घेतो, ती अधूनमधून सगळ्या देशांतल्या विक्रेत्यांना ऑनलाइन बसवून शिकवते. त्या दिवशीचा विषय होता फुलं वाळवणं. शेठ खूश. म्हणाले, "मॅडम, गुलाब असणार. गुलाबाला इथे कस्टमर आहे, नीट ऐकून घ्या." दोघं चहा घेऊन मोठ्या स्क्रीनसमोर बसलो. पहिल्याच चित्रात अंधाऱ्या खोलीत दोरीला उलट्या टांगलेल्या हिरव्या फांद्या, आणि शेजारी आमच्याच मशीनच्या ट्रेमध्ये पसरलेले हिरवेगार तुरे. तो माणूस शांतपणे सांगत होता की त्याच्या देशात हा धंदा कायदेशीर आहे. फांद्या टांगून वाळवायला दहाबारा दिवस जातात, हवा दमट असली तर बुरशी येते, तुरा आक्रसतो, रंग उतरतो. मशीनमध्ये तेच काम दीड दिवसात होतं, आणि झाडावरचा ताजा वास जसाच्या तसा राहतो. पण जुने शेतकरी अजून ऐकत नाहीत म्हणाला. सावकाश वाळवून मग काही आठवडे बरणीत मुरवल्याशिवाय धुराला गोडी येत नाही, मशीनचा माल घशाला खरवडतो, असं त्यांचं म्हणणं. धूर हा शब्द आला आणि शेठच्या हातातला कप तिरका झाला. "या अल्लाह, हा तर गांजा आहे! बंद करा, बंद करा ते! इथे ह्याचं नाव घ्यायची चोरी, आणि हा हबीबी ट्रेमध्ये सजवून दाखवतोय. खलास, वायरच काढा!" मी जागची हलले नाही, शेवटी वायर त्यांनीच ओढली. त्यांना वाटलं मी घाबरले. मी त्या शेवटच्या चित्रातल्या पानाकडे बघत होते. लांबट बोटांचं, करवती कडेचं पान. ते मी ओळखत होते.

दवाखान्याच्या वरची खोली. दुपारी खिडक्या अर्ध्या लोटलेल्या आहेत, जमिनीवर आईची जुनी धुवट पातळं अंथरली आहेत. पोत्यातनं आलेली चुरगळलेली पानं तुम्ही मोठ्या घंगाळात धुताय, पाणी बदलताय, पुन्हा धुताय. पाण्यात पडली की ती पानं हळूहळू उघडतात, बोटं पसरावीत तशी, आणि मी काठावर बसून अख्खी पानं शोधून काढते. मग ती पातळावर पसरायची, सावलीतच. एकदा मला खेळायला जायची घाई होती म्हणून मी सगळी पानं गच्चीवर नेऊन उन्हात टाकली. तुम्ही आवाज चढवला नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणालात, "उन्हानं पाणी जातं, आणि पाण्याच्या मागं वासही जातो. मग उरतो तो पाला. पेशंटला पाला देऊ?" ती सगळी पानं तुम्ही माझ्यादेखत टाकून दिलीत. नंतर तुपावर परतण्याचं काम मात्र मला कधीच करू दिलं नाहीत. त्या पानांना तुम्ही विजया म्हणायचात. शतावरी, अश्वगंधा, तशी विजया; विजया म्हणजे भांग, गांजाच्याच झाडाची पानं, असा मला कसला संशय येणार? खाकीतले एक साहेब येऊन पोतं बघून, परवाना बघून, चहा पिऊन जायचे. मला वाटायचं त्यांचंही पोट बिघडलेलं असतं.

अण्णा, त्याच चूर्णाचा डबा मी दरवर्षी बॅगेत घालून दुबईला आणत होते! साड्यांच्या घडीत, लोणच्याच्या बरणीशेजारी. इथल्या विमानतळावर कुत्रा बॅगा हुंगत फिरायचा, आणि मी पोरीला म्हणायचे, बघ किती गोड आहे. इथे खसखससुद्धा अमली पदार्थांत धरतात, ती आणू नये हे आपल्याकडच्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. अनारशांवर लावायची म्हणून घेतलेली खसखस मी कराडलाच काढून ठेवायचे आणि स्वतःला मोठी हुशार समजायचे. तुमच्या डब्याकडे कधी संशयानं बघितलंसुद्धा नाही, कारण तो तुमचा होता. नवरा अबू धाबीकडच्या रुवैसच्या रिफायनरीत. तिथे कधीही बोलावून लघवी तपासतात, आणि त्यानं कितीतरी लग्नांची जेवणं तुमच्या चमचाभर चूर्णावर जिरवली होती. एका चमच्यात त्याची नोकरी, आमचा व्हिसा, पोरीची शाळा सगळं गेलं असतं, आणि मी तुरुंगात. गोदामाच्या बाथरूममध्ये जाऊन मी फोन काढला. गुगलवर शोधायचीही हिंमत होईना. आणि मग आठवलं की शेवटचा डबा अजून घरात आहे.

तो डबा आम्ही औषध म्हणून कधीच वापरत नव्हतो. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवाळीतला. मसाल्यांच्या मागे ठेवलेला, कधी फार एकटं वाटलं की झाकण उघडून वास घ्यायचा, पुन्हा ठेवायचा. त्या संध्याकाळी मी चपलासुद्धा न काढता स्वयंपाकघरात शिरले आणि सगळं चूर्ण सिंकमध्ये ओतलं. नळ पूर्ण सोडला. डबा साबणानं तीनतीनदा घासला, मग तोही पिशवीत बांधून खालच्या कचऱ्यात टाकून आले. लेक दारात उभी. "आई, व्हॉट आर यू डूइंग? इट्स जस्ट आजोबाज पावडर." म्हटलं, तारीख उलटून गेली होती. "देन व्हाय आर यू क्राइंग?" तुमची पहिल्यांदा इतकी चीड आली होती. वैद्य माणूस तुम्ही, तुम्हाला ठाऊक होतं त्यात काय आहे, आणि पोटच्या पोरीला तुम्ही ते घेऊन विमानात बसवलंत?

दोन दिवस गेले. मग आईला फोन लावला. फोनवर नाव घ्यायची भीती, म्हणून आडून विचारलं, अण्णांच्या चूर्णात ती धुतलेली पानं असायची ना गं? आई म्हणाली, "असायची की. पण तुझ्या डब्यात कुठं होती? तू दुबईला गेलीस तेव्हापासनं तुझं वेगळं करायचे. खलसुद्धा नवा आणला होता तुझ्यापुरता. जुन्याला ती पानं लागलेली असतात म्हणाले." ती बोलतच होती. "तू दरवर्षी म्हणायचीस, अण्णा, तुमच्या हातचा गुण गेला, हे चूर्ण पहिल्यासारखं लागू पडत नाही. ते नुसते हसायचे. मी म्हटलं, अहो, सांगून टाका तिला. तर म्हणाले, सांगितलं तर ती घाबरेल, आणि विमानतळावर घाबरलेल्या माणसाचीच पेटी उघडतात."

अण्णा, हे जास्त भयंकर आहे. गावानं तुमच्या औषधाला कधी नाव ठेवलं नाही, ते मी ठेवलं, तेही चारचौघांत, जेवणाच्या पंगतीत. आणि तुम्ही ते गिळून पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच अर्धंमुर्धं चूर्ण नव्या खलात कुटायला बसलात. मला ओरडावंसं वाटत होतं, पण कुणावर ते कळत नव्हतं. तेवढ्यात आई म्हणाली, "तो डबा आहे ना गं अजून? इथलं सगळं कधीच संपलं. यंदा येशील तेव्हा थोडं माझ्यासाठी आण. त्यांच्या हातचं तेवढंच राहिलंय." मी म्हटलं, "हो, आणते." लगेच म्हटलं, विचारसुद्धा न करता.

सिंकमध्ये ओतलेलं ते चूर्ण आता मीच करायला घेतलं आहे. जिरं, बडीशेप, लवंग, वेलदोडे, खडीसाखर, जमेल तेवढं आठवून. सुंठ मात्र विकतची घ्यावीशी वाटली नाही, म्हणून आलं आणून चकत्या केल्या. बाल्कनीत सावली भरपूर आहे, पण हवा इतकी दमट की दुसऱ्याच दिवशी त्यांच्यावर पांढरी बुरशी धरली. मग शेठना सांगून नव्या चकत्या एका ट्रेमध्ये मशीनला लावल्या. आज कुटून बघितल्या. अण्णा, तुमच्या सुंठेला इतका वास कधीच नव्हता. हे तुमच्या हातचं नाही हे आई झाकण उघडताक्षणी ओळखेल, आणि तिला काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.