सोपानराव गवंड्यांचा काळा-पांढरा फ्लेक्स

४ फेब्रुवारी
पुतणी समृद्धी पुण्याहून आलीय. सोपानराव गवंड्यांनी बांधलेल्या घरांचं प्रदर्शन शिरूरच्या मंगल कार्यालयात भरणार – त्याची 'आयडेंटिटी' ती करणार. म्हणजे अस्मिता का? पाठशाळेत आम्हाला अस्मिता हा योगसूत्रांतला एक क्लेश म्हणून शिकवलेला. "काका, तसं नाही हो! फ्लेक्स, पत्रिका, पाट्या – सगळ्याला एकच चेहरा." बरं.

६ फेब्रुवारी
सोपानआबांकडे गेलो. वय ब्याऐंशी. प्रदर्शनाचं त्यांना काही नाही. एकच विचारलं – "कासुर्डीला कळंल का?"
कासुर्डीला सावळाराम, त्यांचे जोडीदार. दोघांनी मिळून साठ घरं बांधली. मग शिक्रापूरच्या एका घराचा जिना डावीकडे वळवायचा की उजवीकडे, यावरून बावीस वर्षं अबोला!
"त्याला बोलवा. त्यो आला तरच मी यीन."
सावळारामांचा फोन लागत नाही. पत्र टाकलं.

९ फेब्रुवारी
समृद्धीने नमुना दाखवला. पांढरा फ्लेक्स, आबांचा काळा-पांढरा फोटो, खाली बारीक अक्षरांत नाव. संपलं. तारीख-ठिकाण पुढच्या फ्लेक्सवर म्हणे – आधी उत्सुकता!
"अगं, शुभेच्छुक कुठायत?"
"काका, मोकळी जागा बोलते."
काय बोलते, ते विचारायचं राहिलं.

१२ फेब्रुवारी
पहाटे फ्लेक्स लागले. एक आमच्या चौकात, एक कासुर्डी फाट्यावर. नऊ वाजता आबांच्या दारात ही गर्दी! पांढऱ्या टोप्या, डोक्यावरून पदर. शेजारच्या गीताबाईंनी तर कोपऱ्यापासूनच गळा काढला. आबा ओट्यावर दाढी करत होते.
"कोण गेलं गं?"
"तुमीच की, आबा!"
आपल्याकडे वाढदिवस रंगीत, आणि वर चाळीस चेहरे. एकटा माणूस, काळा-पांढरा – म्हणजे भावपूर्ण श्रद्धांजली. वीस वर्षं बातमीदारी केली. मला हे दिसू नये? समृद्धी रडतेय. मला हसू येतंय, आणि हसल्याची लाजही वाटतेय.

१३ फेब्रुवारी
चौकातला उतरवला. कासुर्डीला निघालो, तर आबांनी बाही धरली.
"त्यो ऱ्हाऊ द्या."
"आबा, लोक तुम्हाला गेलेलं समजतायत!"
"समजू द्या की. जिता असताना न्हाई आला. मयताला तरी यील."
खोटी बातमी भर रस्त्यात टांगून ठेवायची? धर्म कोणता, कळेना. संपादकांना विचारण्यासारखंही नाही. बराच वेळ गाडीची किल्ली हातात घेऊन उभा राहिलो. गेलो नाही.

१४ फेब्रुवारी
कुणी नाही. आबांनी नवीन सदरा घातलाय. आज काय विशेष, म्हणून चिडवलं तर बाहीची घडी सारखी करत बसले.

१५ फेब्रुवारी
कासुर्डीहून सावळारामांच्या पत्नी आल्या, रतनबाई. एकट्याच. ओट्यावर आबांना बसलेलं पाहून जागीच थबकल्या. आबांनी आधी त्यांच्या मागे, रस्त्याकडे पाहिलं. मग त्यांच्या मोकळ्या कपाळाकडे.