अण्णाजींचा फोटो आणि संगणकातली ओसरी

तळेगाव (श्यामजी पंत)

तीर्थस्वरूप अण्णाजी यांस,

तुमचा धाकटा मावसभाऊ हेमराज याचा वाकून नमस्कार पोचावा. इकडे सगळे ठीक आहे. कांताची कंबर तेवढी कुरकुरते (कांताही कुरकुरते, पण ते नेहमीचेच). तुमचा गुडघा कसा आहे, वहिनींची शुगर उतरली का, आणि लग्न तोंडावर आले असताना हर्षा अजून शिलाईवालीशी भांडतेच आहे का, ते कळवावे. फोन असताना पत्र कशाला, असे तुम्ही म्हणाल. अण्णाजी, तुम्ही फोन स्पीकरवर लावता आणि माझी बातमी तुमच्याआधी रोहण्याच्या चौकाला कळते. ही बातमी चौकाला कळण्यासारखी नाही.

विषय फोटोचा आहे. हर्षाच्या साक्षगंधात, साखरपुड्याच्या मांडवात, तुम्ही दोघे भाऊ, तुम्ही आणि बापूजीदादा, एका सोफ्यावर बसलात, तो फोटो मोठा करून द्या, असा निरोप तुम्ही दिवाळीपासून पाठवत आहात आणि मी दर वेळी प्रिंटरची शाई संपली म्हणून सांगतो आहे. शाई संपलेली नव्हती. फोटो संपला होता. थांबा, गोळी शोधू नका. फोटो सापडला आहे, सुखरूप आहे, आणि हे पत्र लिहिताना माझ्या समोरच्या पडद्यावर तुम्ही दोघे बसलेले आहात. एवढे आधी सांगून टाकले म्हणजे पुढचे तुम्हाला हसत वाचता येईल. मला मात्र ते रडत जगावे लागले.

झाले असे की माझ्या फोटोच्या दुकानातला संगणक भरला. सतरा लग्ने, पन्नास बारशी आणि कोणाकोणाच्या म्हशींचे विम्याचे फोटो त्यात कोंबलेले. आपल्यासारख्या शिकलेल्या माणसाने हाताने एकेक फाइल काढत बसावे का? म्हणून मी मोबाइलवर व्हिडिओ पाहून प्रोग्राम लिहायला शिकलो. शिकवणारा मुलगा हिंदीत बोलतो आणि दर दोन मिनिटांनी 'बस, इतना ही करना है' म्हणतो. तेवढेच करायचे होते तर त्याचे चाळीस व्हिडिओ कशाला, हे मी त्याला विचारू शकलो नाही. पण पाच वर्षांपेक्षा जुन्या फाइली शोधून उडवणारा प्रोग्राम मी लिहिला खरा, आणि त्या दिवशी दुकानात मी जरा छाती काढूनच फिरत होतो.

कांताने विचारले की उडवल्यावर त्या जातात कुठे. मी सांगितले की हाताने काढलेली फाइल संगणकाच्या कचरापेटीत पडते, ती परत काढता येते. प्रोग्रामने काढलेली मात्र पेटीत न पडता थेट जाते. ती पोळी उलटवता उलटवता म्हणाली, "फेकाच्या आधी आठ दिवस ओसरीत ठेवत जा. मी घरातलं भंगार असंच फेकतो काय?" (खरेच, आमच्या ओसरीत मोडका पंखा वर्षानुवर्षे आहे.) तिचे मन राखावे म्हणून मी 'ओसरी' नावाचा एक कप्पा केला. पहिला प्रोग्राम जुन्या फाइली नुसत्या तिथे नेऊन ठेवणार; दुसरा रोज सकाळी संगणक सुरू झाला की ओसरीत डोकावणार आणि आठ दिवस पडून असलेल्या फाइली कायमच्या उडवणार. चालवण्याआधी जाणाऱ्या फाइलींची यादी पडद्यावर छापून नीट वाचा, असे त्या मुलाने बजावले होते. मी छापली आणि आपण विम्याच्या अटी वाचतो तितकी नीट वाचली.

आता यात तुमचा वाटा येतो, रागावू नका. जावईबापू स्वप्निल फौजेत. त्यांना सुटी मिळाली ती नेमकी पितृपक्षात, आणि साक्षगंध त्यातच उरकावे लागले. तेव्हा तुम्हीच मला मांडवामागे नेऊन म्हणालात, "हेमराज, फोटोत ही तारीख नाई पाहिजे मले. पुढं कोणी अल्बम पाह्यला तर काय म्हनन?" मी कॅमेऱ्याची तारीख फिरवून अक्षय तृतीया केली. तारीख मागे नेताना वर्षही बरेच मागे गेले. मी फोटोवर नुसती तारीख आणि महिना छापतो, त्यामुळे ते कोणालाच दिसले नाही. पण फाइलीच्या पोटात वर्ष असते, आणि प्रोग्राम पोटात पाहतो. कॅमेऱ्याच्या हिशेबाने हर्षाचे साक्षगंध ती पाचवीत असतानाच झाले होते. म्हणजे पाच वर्षांपेक्षा जुने. पूर्ण समारंभ उचलून ओसरीत गेला आणि मी वर कांताला सांगितले की बघ, किती जागा झाली.

दिवाळीला तुमचा निरोप आला, साक्षगंधाचा कप्पा उघडला, तर रिकामा. आठ दिवस केव्हाच उलटून गेले होते. माझ्या दुसऱ्या प्रोग्रामने सगळे उडवले असणार, याची मला खात्रीच होती. कॅमेऱ्याचे कार्ड पाहावे तर त्यावर केळझरच्या एका बारशाचे फोटो चढलेले. मग मी पाहुण्यांच्या मोबाइलात शोधायला निघालो. प्रत्येकाने पंगतीतल्या बासुंदीचे फोटो काढलेले होते, आणि तुम्हा भावांचा एकानेही नाही. दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरच्या बाभळीवरून तुमचे बोलणे बंद झाले त्याला किती वर्षे झाली, ते तुम्हाला ठाऊक. दादा त्या दिवशी आले, सोफ्यावर बसले, जेवले आणि गेले. त्यानंतर पुन्हा ना ते तुमच्याकडे, ना तुम्ही त्यांच्याकडे. तो क्षण दुसऱ्यांदा बसवून काढता येणारा नव्हता. मला जेवण गोड लागेना. तुमचा नंबर फोनवर दिसला की मी गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे पडदा सरळ करायला लागायचो.

शेवटी कांतानेच विचारले, "पाह्यलं का ओसरीत?" मी म्हणालो, पाहायचे काय, मी स्वतः लिहिलेला प्रोग्राम आहे. ती माझ्याशेजारी स्टूल ओढून बसली, म्हणून उघडली. सगळे तिथेच! तुम्ही, दादा, हर्षा, स्वप्निल, म्हशीसुद्धा. दुसरा प्रोग्राम एक दिवसही चालला नव्हता. ओसरी मी बाहेरच्या डिस्कवर केली होती आणि त्याला शोधायला सांगितले होते संगणकाच्या आतल्या डिस्कवर. तो बिचारा रोज सकाळी जाऊन परत यायचा आणि लाल अक्षरांत ओसरी सापडत नाही म्हणून सांगायचा. ती लाल ओळ मी रोज, कर्जाची जाहिरात बंद करावी तशी, न वाचता बंद करत होतो. मी नीट प्रोग्राम लिहिला असता तर आज तुम्हाला तोंड दाखवता आले नसते. मी चुकलो म्हणून वाचलो, अण्णाजी, आणि इतके हलके मला बऱ्याच दिवसांत वाटले नव्हते. त्या दिवशी मी दोन वेळचे एकदम जेवलो.

आता दुसरा प्रोग्राम काढून टाकला आहे. पहिला यादी छापतो, मी ती बोट ठेवून वाचतो, आणि तुमचे सगळे फोटो आणखी एका डिस्कवर ठेवून ती कांताच्या कपाटात दिली आहे. तिथून काही काढणे मलाही जमत नाही. वहिनींना नमस्कार, हर्षाला आशीर्वाद.

तुमचा,
हेमराज

ता. क. : पितृपक्षाची गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. कांताला सांगितली, ती धरू नका.

आणखी एक : हे लिहू नये असे मला बजावले आहे, तरी लिहितो. बापूजीदादा या महिन्यात तीनदा दुकानात येऊन पासपोर्ट फोटो काढून गेले. या वयात कोणत्या देशात निघालात, असे मी विचारले, तेव्हा इकडेतिकडे पाहून म्हणाले, "तो सोफ्यावरचा मोठा करून ठेवजो. अन् अण्णाले सांगू नको." जाता जाता दारातून परत फिरले आणि विचारले, "अण्णा हासला काय त्यात?" तेव्हा फोटो हाती नव्हता, म्हणून मी शाईचेच कारण सांगितले. काल मोठा करून पाहिला. हसलेले तुम्ही दोघेही नाही. पण तुमचा हात त्यांच्या हातावर आहे, आणि त्यांनी तो काढून घेतलेला नाही.

तर विनंती एवढीच : रविवारी सकाळी अकराला फोटो न्यायला यावे. दादांनाही अकराच सांगितले आहे, तुमचे नाव न घेता. फ्रेम एकच केली आहे. ती कोणाच्या भिंतीवर लावायची ते तुम्ही दोघे बसून ठरवा. तोवर मी दुकानाबाहेर उभा राहीन.