क्लचमधली हवा आणि तुमची ताई

बालाघाट,
रविवार

श्रीमान हिरालालजी,

तुम्हांला व वहिनींना नमस्कार, श्रुतिकेला आशीर्वाद. तुमच्या गुडघ्याचं कसं काय? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे माझी प्रकृती उत्तम आहे. (कंबर धरली आहे, मान एकाच बाजूला वळते, आणि ज्या डोळ्यात ऑइल गेलं होतं तो अजून लाल आहे, पण हे घरात बोलू नये.) फोनच करणार होतो, पण तुमच्या घरी फोन स्पीकरवर ठेवून सगळ्यांनी ऐकायची पद्धत आहे, म्हणून पत्र लिहितो.

तुमची ताई गुरुवारच्या गाडीने तुमच्याकडे गोंदियाला निघून आली. तिने तिकडे काय काय सांगितलं असेल, याची मला पूर्ण कल्पना आहे. मी सारा जन्म सिंचन खात्यात काढला, पण दुसरी बाजू ऐकल्याशिवाय कधी शेरा मारला नाही. तुम्हीही मारू नका. आणि आधीच सांगतो, या सगळ्याचं मूळ तुम्ही आहात.

आमच्या गाडीच्या क्लचवर पाय ठेवला की तो भसकन तळाला जायचा आणि गिअर पडायचा नाही. मिस्त्री म्हणाला, गाडी ठेवून जा, सवडीने बघतो. आता सवडीने बघायला शनिवार काय थांबणार होता? शनिवारी आपल्या अबोलीचे सासरे तेजरामजी यांना त्याच गाडीतून रामपायलीला, रामाच्या दर्शनाला न्यायचं मी कबूल केलं होतं. गाडी अगदी नवीसारखी आहे, असंही (त्यांनी विचारलं नसताना) सांगून बसलो होतो. अशा अडचणीत मी तुम्हांला फोन केला, आणि तुम्ही मोठ्या थाटात म्हणालात, "भाऊजी, नळीत हवा शिरली. घरीच निघते. एकानं वरून पाय दाबाचा, एकानं खालून निप्पल खोलाचा. ताईले बसवा." 'ताईले बसवा' हे शब्द तुमचे आहेत, माझे नाहीत.

बसवली. गुरुवारी सकाळी जेवणं व्हायच्या आत मी गाडीचं तोंड जॅकवर उचललं, खाली विटांचा आधार दिला, अंगणात पोतं अंथरलं आणि हातात पाना घेऊन उताणा शिरलो. डबीत ऑइल भरलं होतं, निप्पलला (म्हणजे हवा सोडायच्या छोट्या तोटीला) पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक ऑइलच्या बाटलीत बुडवलं होतं. ताईला मी सगळं शास्त्र समजावून दिलं. मी 'दाब' म्हटलं की दाबायचं. मग मी निप्पल सैल करणार, नळीतून हवेचे बुडबुडे येणार, मी निप्पल आवळणार, आणि मग 'सोड' म्हणणार. निप्पल उघडा असताना पाय उचलला, तर बाहेरची हवा पुन्हा आत ओढली जाते आणि सगळी मेहनत पाण्यात. तेव्हा आभाळ कोसळलं तरी मी म्हणेपर्यंत पाय सोडायचा नाही. ती म्हणाली, "हौ, समजलं. मी काय लहान हाय?" काम इतकं छान चाललं होतं, हिरालालजी, की मला मध्येच तिचं कौतुक वाटलं. (बोललो नाही. कौतुक केलं की ती कामाकडे लक्ष देत नाही.)

बुडबुडे कमी होत आले होते. 'दाब' म्हणून मी निप्पल सैल केला, आणि तेवढ्यात फाटक वाजलं. चाकांच्या मधून मला पांढरं धोतर आणि करकरीत वहाणा दिसल्या. तेजरामजी. आपल्या गावाहून, बिरस्याहून, शनिवारी निघणार होते, ते कोर्टात काही काम निघालं म्हणून आधीच आले. आता मुलीचा सासरा दारात उभा, आणि मी गाडीखाली. तुम्हीच सांगा, व्याह्यांना माझे नुसते पाय दाखवायचे का? मी घाईने सरपटत बाहेर आलो, काळ्या हातांनी लांबूनच नमस्कार केला आणि मानाने ओसरीवर नेऊन बसवलं. पानसुपारी पुढे केली. त्यांच्या भाताच्या पिकाची चौकशी केली, जंगलातल्या रस्त्याची केली, अबोलीची केली. आणि मग सवयीने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अहो, व्याही आले. चहा टाका." उत्तर नाही. मी पुन्हा ओरडलो.

तुमची ताई त्या वेळी गाडीत होती. व्याही दिसल्याबरोबर तिने डोक्यावर पदर ओढला होता. व्याह्यांच्या देखत आवाज काढून नवऱ्याला हाक मारायची नाही, हे तुमच्या आईने शिकवलेलं, ते ती अजून पाळते. म्हणजे ती बोलू शकत नव्हती आणि पायही उचलू शकत नव्हती. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा व्याही तिकडेच बघत होते. त्यांनी विचारलं, "विहीणबाई गाडीत काहून बसल्या?" आता नवीसारख्या गाडीची हवा काढतो आहे, असं मी कोणत्या तोंडाने सांगणार? मी म्हणालो, "तिले गाडीत बसाची लय हौस हाय. गाडी उभी असली तरी बसते."

एवढंच बोललो. त्यात खोटं असलं तरी अपमान कुठे आहे, ते मला अजून कळलेलं नाही. चहा मी स्वतः केला. व्याही कोर्टात गेल्यावर मी आलो, तर ती तशीच बसलेली. मी म्हणालो, "थांब, आवळतो." तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे बघत बघत, सावकाश, पाय उचलला. नळीने घुटका घेतल्याचा आवाज मी कानांनी ऐकला. सकाळभर काढलेली हवा पुन्हा आत. मग तिने पदर सारखा केला, म्हणाली, "आता तुमीच दाबा अन तुमीच सोडा. मी चालली भावाकडं," आणि ऑटो बोलावून स्टेशनवर गेली. पाय आखडला होता म्हणे. अहो, मग सोडायचा होता ना. (सोडला असता तर मी रागावलो असतो, हा प्रश्न वेगळा.)

तेव्हा तिला तिकडे खुशाल ठेवून घ्या. माझं काही अडलेलं नाही. पेडल आणि सीट यांच्यामध्ये मी एक काठी अडकवून पाहिली. काठी पाय दुखतो म्हणत नाही. मात्र 'सोड' म्हटलं की सोडतही नाही, दर वेळी मला गाडीखालून निघून वर जावं लागतं, आणि माझी कंबर आता ते ऐकत नाही. पण ते माझं मी बघीन.

कळावे, लोभ आहेच, या वेळी मात्र थोडा कमी.

तुमचा,
मधुकर

ता.क. हे पत्र ताईला दाखवू नये.

ता.क. २ : शनिवारी व्याही बसने रामपायलीला गेले. तुम्ही अंथरुणाला खिळलात, म्हणून ताई तिकडे आली, असं मी त्यांना सांगितलं आहे. त्यांचा फोन आला तर जरा कण्हत बोला.

ता.क. ३ : पत्र दाखवलंच, तर तिला म्हणावं, या वेळी वर मी बसतो. पाना तिच्या हातात, हुकूम तिचा. ती 'सोड' म्हणेपर्यंत मी पाय हलवणार नाही, मग दारात कोणीही येवो.

ता.क. ४ : आज सकाळी मिस्त्री आपण होऊन पिशवी घेऊन आला. चटकन करून देतो म्हणाला. मी त्याला फाटकातूनच परत लावून दिलं. त्याने हवा काढली असती, तर तिला परत बोलवायला माझ्याकडे दुसरं कारण कोणतं होतं?