अंकिताच्या गटात

५ नोव्हेंबर, मंगळवार

सत्तेचाळीस किलो आठशे!

तालमीतला काटा बिघडलाय म्हटलं. उतरले, बूट काढले, परत चढले. तेवढंच! केसातली क्लिप काढली, जर्किन काढलं. काटा ढिम्म हलेना. मागं पोरींची रांग लागलेली, त्या खिदळायला लागल्या.

माझा गट शेहेचाळीसचा. निवड चाचणी डिसेंबरात, साताऱ्यात. आणि दिवाळीचा फराळ असा अंगावर आलाय! पण आईच्या करंज्यांना नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

वजन वाढलं तर वरच्या गटात जायचं, एकोणपन्नासमध्ये. त्यात काय एवढं, असं कुणीही म्हणेल. पण एकोणपन्नासमध्ये अंकिता आहे! आणि एका गटातून एकच पोरगी राज्याला जाते.

अंकितानं मला पायात घुसून पट काढायला शिकवलं. माण तालुक्यातली, मेंढरांमागं हिंडलेली पोरगी. फक्त कुस्तीसाठी इथं उंब्रजला मावशीकडं राहते. तालमीत माझ्या बाजूनं भांडते, शाळेत माझा डबा खाते. तिच्याशी मी निवडीची कुस्ती खेळू? तिची जागा घेऊ? आणि मीच हरले तर? परत तिच्याशी पहिल्यासारखं बोलता येईल?

छ्या! ठरलं. शेहेचाळीसच.

७ नोव्हेंबर

भाकरी बंद. भात बंद. आईला सांगितलं, आज शाळेत पोरींनी खाऊ घातलं. शाळेत सांगितलं, घरून जेवून आलेय. दोन्हीकडं पटलं! मी नटी व्हायला पाहिजे होते.

१० नोव्हेंबर, रविवार

घरात मटण. मी म्हटलं, पोट दुखतंय. आईनं ओवा दिला. आख्ख्या आळीत रश्श्याचा वास सुटलेला आणि मी ओवा चावत बसले. याच्यापेक्षा खरंच पोट दुखलं असतं तर परवडलं असतं.

१६ नोव्हेंबर

पळताना शेजारून उसाची ट्रॉली गेली. अंकितानं पळता पळता ऊस ओढला, गुडघ्यावर मोडला, अर्धा माझ्यापुढं धरला. नको म्हणाले.

"आजारी हायस व्हय गं?"

"नाही."

"मंग येडी झालीस."

कडाकडा ऊस खात पळत होती. मी मागं पडले. याआधी कधी पडले नव्हते.

१९ नोव्हेंबर

माया! माझ्या खांद्याला लागते, चाळीसच्या गटातली माया. तिनं मला पाडलं! बिचारीच घाबरली. "ताई, लागलं का?" म्हणत राहिली. पायात जीवच नव्हता. पाय माझे नव्हतेच.

वजन खाली आलंय. आनंद व्हायला पाहिजे. होत नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

बैठका मारता मारता डोळ्यांपुढं काळं आलं. पुढचं आठवत नाही. शुद्धीवर आले तर वस्ताद तोंडावर पाणी मारतायत आणि अंकितानं माझे पाय मांडीवर उचलून धरलेत. लालासाहेब वस्ताद! ज्यांच्या नुसत्या खोकण्यानं तालीम गप्प होते.

"सकाळी काय खाल्लंस?"

"काकडी."

"आन काल सांच्याला?"

"काकडी."

"काकडीवर कुस्ती खेळतीस? ससा हायस का तू?"

कुणी हसलं नाही. आईला फोन गेला.

२३ नोव्हेंबर

कराडला गेलो, डॉक्टरीणबाईंकडं. रक्त कमी. साडेनऊ. या महिन्यात पाळी आलीच नाही हे आईला आज, तिथं कळलं. आईनं माझ्याकडं असं बघितलं की मारलं असतं तर बरं!

डॉक्टरबाई बोलायला चांगल्या होत्या. "वर्षात उंची किती वाढली?" चांगली चार बोटं वाढलीय. "मग वजन कसं वाढणार नाही? हाडं काय हवेची असतात? हे चरबीचं वजन नाही गं, तू वाढतेयस." म्हणाल्या, या वयात वजन उतरवायचं नाही. खेळणाऱ्या पोरीनं तर घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त खायचं. उपाशी राहून आधी ताकद जाते, मग पाळी जाते, मग हाडं ठिसूळ होतात.

आई मान डोलवत होती. "मी सांगून थकले बघा. शाळंत खाल्लं म्हणती, घरात खात म्हणून न्हाई!"

मग डॉक्टरबाईंनी एकदम आईच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. "तुमचंही रक्त तपासू."

"मला काय धाड भरलीया?"

आईचं आठ! माझ्यापेक्षा कमी!

"तुम्ही कधी जेवता?"

"समद्यांचं झाल्यावर."

"तेव्हा काय उरलेलं असतं?"

आई पदर सारखा करत बसली. रोज समोर बसून जेवते मी, आणि मला एकदाही दिसलं नाही.

स्टँडवर आईनं केळी घेतली. एसटीत दोघींनी खाल्ली. तिसरं केळ मी तिच्या हातात कोंबलं. "आगं, माकड हाय का मी?" म्हणाली आणि खाल्लं.

२५ नोव्हेंबर

वस्तादांनी समोर उभं केलं.

"मी तुला वजन उतरव म्हटलं व्हतं?"

"नाही."

"मंग कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. एकोणपन्नासमध्ये अंकिता आहे म्हणून..."

मागं अंकिताच उभी होती! मला दिसलीच नाही.

"माझ्यापायी उपाशी ऱ्हायलीस?" म्हणाली. हळू आवाजात. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "तू हरशील म्हणून भ्यालीस, का मी हरंन म्हणून? मी हरंन म्हणून आसंल तर माझी कीव करतीस. तू हरशील म्हणून आसंल तर मला लय हलकट समजतीस. सांग, कंचं?"

दोन्ही खरं होतं.

गेली.

वस्ताद म्हणाले, "एकोणपन्नासमध्ये नाव घालतो. तवर खायाचं. ह्यो हुकूम."

२६ नोव्हेंबर

अंकिता पळायला आली नाही. शाळेत दुसऱ्या बाकावर बसली. माझ्या डब्यातला घास कुणीच मागितला नाही.

२८ नोव्हेंबर

खाणं काय सुख असतं!!

सकाळी भिजवलेले हरभरे, दोन अंडी, दूध. दुपारी बाजरीची भाकरी, वर लोणी, पावट्याची आमटी, मेथीची भाजी. चारला शेंगदाणे-गूळ. संध्याकाळी तालीम झाल्या झाल्या केळी, मग परत जेवण. डॉक्टरबाईंनी असं बांधून दिलेलं काही नाही. म्हणाल्या, घरात आहे तेच खा, फक्त पोटभर आणि वेळेवर. आणि जेवणात लिंबू पिळून घ्या, रक्ताला बरं.

मी एक अट घातली. आई माझ्याबरोबर बसणार. पहिल्या भाकरीला! "मंग तव्यावरचं कोण बघंल?" म्हणाली. म्हटलं, भाकऱ्या आधी करून ठेव. "गार हुत्यात." होऊ देत! दोन दिवस ती अशी बसली जणू पाहुण्यांच्यात आलीय. पाटाच्या टोकावर, अर्धी उठलेली. आज मांडी घालून बसली आणि मला म्हणाली, "आमटी वाढ." मला!

पप्पांचा व्हिडिओ कॉल आला जैसलमेरच्या छावणीवरून. मागं नुसती वाळू. मोबाइल उभा करून आम्ही दोघी जेवत होतो. पप्पा बघत राहिले. मग सलाम ठोकला आणि म्हणाले, "दोन्ही जवान जेवणावर? शाब्बास! चालू द्या, मी नंतर करतो." ठेवलासुद्धा!

१ डिसेंबर, रविवार

वस्तादांनी मुद्दाम जोड लावली. मी आणि अंकिता.

ती नुसती लढली. तीनदा आपटलं मला. तिसऱ्यांदा तर असं की दात वाजले! चौथ्यांदा मी तिच्या पायात घुसले, तिनंच शिकवलेला पट, आणि ती खाली! पाठ टेकली!

पडल्या पडल्या वर बघत हसायला लागली. "आता कशी मानसावानी अंगावर आलीस!"

मीपण हसत सुटले. दोघी तशाच मॅटवर पडून हसतोय. वस्ताद खोकले. तरी हसू थांबेना!

घरी जाताना म्हणाली, "चाचणीत हात राखून खेळलीस तर तंगडं मोडीन." म्हटलं, तूपण. मग मावशीकडनं किटलीत हुलग्याच्या पिठाचं गरम माडगं घेऊन आली. दोघींनी कट्ट्यावर बसून प्यायलं. दुसऱ्या कुणाला ते औषधासारखं लागेल. मला तर दिवाळीच वाटली.

८ डिसेंबर, रविवार

सातारा! निवड चाचणी!

काट्यावर अठ्ठेचाळीस सहाशे. बूट काढले, पण क्लिप नाही काढली. ऐटीत उतरले. वजन झाल्यावर अंकिता आणि मी डबा उघडला. शेजारची एक पोरगी वजनासाठी पाणीसुद्धा न पिता आलेली, ओठ फुटलेले. वजन झाल्यावर भिंतीला टेकून बसली होती बिचारी. अंकितानं न विचारता तिच्या हातात दशमी ठेवली.

पहिल्या दोन्ही कुस्त्या जिंकले. शेवटची, जिची भीती होती तीच. अंकिता.

काय कुस्ती झाली! कुणीच राखून खेळलं नाही. ती दोन गुणांनी पुढं, मग मी पुढं, मग बरोबरी. छाती फुटायची वेळ आली पण पाय... पाय माझे होते! शेवटपर्यंत माझे. अगदी शेवटी तिनं मला मॅटबाहेर रेटलं. एका गुणानं गेली कुस्ती.

हरले. हरले, आणि पंच तिचा हात वर करत असताना मीच जास्त मोठ्यानं ओरडत होते. आई तर कुणाच्या बाजूनं टाळ्या वाजवायच्या ते विसरलीच. दोघींच्या नावानं वाजवत होती!

या कुस्तीला मी भीत होते?

११ डिसेंबर

वस्तादांनी बाजूला बोलावलं. अंकिताच्या मावशीचा नवरा मुंबईत असतो. त्याला खोली मिळालीय. मावशी महिनाअखेरीला चालली. अंकिताला तिचे वडील माणला परत नेणार. तिथं तालीम नाही, काही नाही.

"ती राज्याला यायची न्हाई आसं दिसतंय. मंग दोन नंबरची जाईल. म्हंजे तू. जानेवारीत, सांगलीला. तयारीला लाग."

मला आनंद झाला. लिहूनच टाकते. झाला. एक क्षण. मग इतकी लाज वाटली की घरी येईपर्यंत मान वर केली नाही.

अंकिताला विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"सांगितलं आसतं तर परत उपाशी ऱ्हायली आसतीस."

हसली. पण डोळे हसले नाहीत.

१२ डिसेंबर

आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. भाकरी उलटली, फुगली, काढली. दुसरी थापायला घेतली. मला वाटलं ऐकलंच नाही.

मग म्हणाली, "ती किती भाकरी खाती गं?"

"चार. कधी पाच."

"अबब!" मग जरा वेळानं, "दळाण जास्ती आणाय पायजे."

मी तिच्या पाठीवरच पडले. "आगं, तवा हाय म्होरं!"

१५ डिसेंबर, रविवार

आई आणि मी एसटी बदलत बदलत माणला. उजाड माळ, थंड वारा. अंकिताचे वडील, भाऊसो, मेंढरांजवळ भेटले. चहा पाजला. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लोकाच्या घरात पोर कशी ठिवू, ताई?"

आई म्हणाली, "लोकाचं कसं? तुमची पोरगी माझ्या पोरीला पाडती. परकी आसती तर मी पाडू दिलं आसतं व्हय?"

ते मेंढराच्या पाठीवर हात फिरवत राहिले. "इचार करून सांगतो." एवढंच.

येताना एसटीत आईनं विचारलं, "ती ऱ्हायली तर तुझी जागा जाती. कळतंय न्हवं?"

"कळतंय."

"रडशील का नंतर?"

"थोडी."

"मंग हरकत न्हाई," आई म्हणाली, आणि पिशवीतून शेंगदाणे काढले.

१८ डिसेंबर

सकाळी दारात भाऊसो. एका हातात ट्रंक, खांद्यावर बाजरीचं पोतं. मागं अंकिता, खाली बघत.

"आधीच सांगून ठिवतो ताई, हिचं खाणं लय हाय!"

आई म्हणाली, "आमचं बी आता काय कमी न्हाई."

राज्याला अंकिता. मी सरावाची जोडीदार म्हणून सांगलीला, वस्तादांनी सांगितलं. थोडी रडले. झालं.

आता ती माझ्या शेजारी पालथी पडून डोकावतेय — "काय लिवतीस गं?"

दाखवत नाही जा!